सुट्टीचा प्रवास : धानोऱ्याहून निघताना खर्च, आराम आणि सुरक्षितता कशी सांभाळावी?

दिवाळी, होळी, उन्हाळ्याची सुट्टी किंवा एखादी यात्रा जवळ आली की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : कुठे जायचे, कसे जायचे आणि किती खर्च येईल? नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावातून निघणाऱ्या कुटुंबापुढे आणखी एक प्रश्न असतो. मोठे रेल्वे स्थानक, मोठे बसस्थानक आणि मोठे दवाखाने जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी आहेत. त्यामुळे मुख्य प्रवासाइतकेच गावापासून स्थानकापर्यंत आणि उतरल्यावर पुढच्या ठिकाणापर्यंत कसे पोहोचायचे, याचेही नियोजन करावे लागते.

स्वस्त प्रवास म्हणजे गैरसोयीचा किंवा धोक्याचा प्रवास, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात उलट चित्र दिसते. एसटी आणि रेल्वे ही सर्वांत स्वस्त साधने आहेत आणि सर्वांत सुरक्षित साधनांमध्येही तीच येतात. धोका वाढतो तो ऐनवेळी. वेळेवर बस मिळत नाही, आरक्षण झालेले नसते आणि मग मिळेल त्या भरलेल्या गाडीत बसावे लागते. म्हणून पैसे वाचवण्याचा आणि जीव सांभाळण्याचा उपाय बहुतेक वेळा एकच असतो : आधी ठरवणे.

## गर्दी कधी असते?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या सीमा गुजरात आणि मध्य प्रदेशला लागून आहेत. त्यामुळे येथील गर्दीचे दिवस फक्त शाळेच्या सुट्ट्यांवर ठरत नाहीत.

- दिवाळी आणि छठ : सुरत-भुसावळ मार्गावरील लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या सुरत परिसरातील कामगारांना उत्तर भारतात नेतात. या दिवसांत त्या नंदुरबारला येईपर्यंतच भरलेल्या असतात. धनत्रयोदशीच्या सुमारास सातपुड्यातील अस्तंबा यात्राही असते.
- दत्तजयंती : शहादा तालुक्यात तापीकाठच्या सारंगखेडा येथे दत्ताची यात्रा आणि प्रसिद्ध घोडेबाजार भरतो.
- मकरसंक्रांत : नर्मदेच्या काठावर पूजा आणि स्नानासाठी गर्दी होते.
- महाशिवरात्र : तोरणमाळ येथे यात्रा असते. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशा येथेही भाविक येतात.
- होळी : ऊसतोड आणि इतर कामांसाठी गुजरातेत गेलेली अनेक आदिवासी कुटुंबे या सणाला गावी परततात. होळीपूर्वीचे भोंगऱ्या बाजार आणि अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी यांमुळे रस्त्यांवर वर्दळ वाढते.

सणाच्या नेमक्या आदल्या दिवशी निघण्याऐवजी दोन दिवस आधी निघणे आणि एक दिवस उशिरा परतणे, एवढ्या बदलानेही जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

## जवळची कोणती ठिकाणे?

लांबच्या सहलीचा निम्मा खर्च जाण्या-येण्यातच होतो. मुले लहान असतील किंवा दोन-तीन दिवसांचीच सुट्टी असेल, तर जवळचे ठिकाण निवडणे फायद्याचे.

- तोरणमाळ : सातपुड्यातील थंड हवेचे ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंच. यशवंत तलाव, सीताखाई आणि गोरक्षनाथ मंदिर ही मुख्य आकर्षणे. शहादा-म्हसावदमार्गे जाता येते. शेवटचा रस्ता घाटाचा आहे.
- प्रकाशा आणि सारंगखेडा : दोन्ही तापीकाठी असून एका दिवसात पाहून होतात. प्रकाशाला ‘दक्षिण काशी’ म्हणतात.
- उनपदेव : शहादा तालुक्यातील गरम पाण्याचा झरा.
- सापुतारा : गुजरातच्या डांग जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण. नवापूरकडून जाता येते.
- एकतानगर : सरदार वल्लभभाई पटेल यांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा येथे आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. अक्कलकुवा, डेडियापाडा, राजपीपळामार्गे जाता येते. पुतळा सोमवारी पाहण्यासाठी बंद असतो, म्हणून तो दिवस टाळावा.

गुजरातेत दारूबंदी आहे. महाराष्ट्रात विकत घेतलेली बाटली सामानात असली तरी सीमेपलीकडे तो गुन्हा ठरू शकतो. भाड्याच्या गाडीत आधीच्या प्रवाशांचे काही राहिले नाही ना, हेही निघताना पाहून घ्यावे.

## एसटीच्या सवलतींचा हिशेब

राज्य परिवहन महामंडळाच्या सवलती नीट वापरल्या तर कुटुंबाचा खर्च निम्म्याहून कमी होऊ शकतो. मुख्य सवलती अशा :

- महिला : १७ मार्च २०२३ पासून ‘महिला सन्मान योजने’त तिकिटावर ५० टक्के सवलत.
- ७५ वर्षांवरील ज्येष्ठ : ऑगस्ट २०२२ पासून ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेत मोफत प्रवास.
- ६५ ते ७५ वर्षे : अर्धे तिकीट.
- ५ ते १२ वर्षांची मुले : अर्धे तिकीट. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.

समजा, घरात सहा माणसे आहेत : ७८ वर्षांची आजी, ७० वर्षांचे आजोबा, आई, वडील, दहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. आजी आणि लहान मुलीला तिकीट लागत नाही. आजोबा, आई आणि मुलगा यांचे अर्धे-अर्धे, वडिलांचे पूर्ण. म्हणजे सहा जणांना मिळून अडीच तिकिटे. खासगी जीपमध्ये बहुतेकांचे पूर्ण भाडे मोजावे लागते.

मात्र सीमाभागातील प्रवाशांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महिला आणि ज्येष्ठांची ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच लागू आहे. सुरत किंवा सापुताऱ्याकडे जाताना हद्दीनंतरच्या टप्प्याचे पूर्ण भाडे द्यावे लागते. त्यामुळे एसटीचे तिकीट अपेक्षेपेक्षा जास्त आले म्हणून वाहकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे.

एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही ४ किंवा ७ दिवसांच्या पासची योजनाही आहे. रोज नव्या गावी जाणाऱ्यांना हा पास परवडतो. एका ठिकाणी जाऊन तिथेच तीन दिवस राहणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा होत नाही. महिला आणि ज्येष्ठांनी आधी सवलतीच्या तिकिटांची बेरीज करावी आणि मगच पास घ्यावा.

गावातून बरीच मंडळी एकत्र जाणार असतील तर एसटीची पूर्ण बस ‘प्रासंगिक करारा’वर भाड्याने घेता येते. लग्न, सहल, देवदर्शन अशा कारणांसाठी ती मिळते. तीन-चार जीप करण्यापेक्षा एक बस माणशी स्वस्त पडते का, याची चौकशी आगारात करावी. मागणी मात्र तारखेच्या बरीच आधी नोंदवावी लागते.

## रेल्वे : साठ दिवसांचे गणित

नंदुरबार स्थानक पश्चिम रेल्वेच्या सुरत-भुसावळ मार्गावर आहे. सुरत, अहमदाबाद, मुंबई, भुसावळ आणि पुढे देशाच्या अनेक भागांकडे जाणाऱ्या गाड्या येथून मिळतात. नाशिक आणि पुण्याकडे जाणाऱ्यांना बहुधा धुळेमार्गे बस सोयीची पडते.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. उदाहरणार्थ, ६ नोव्हेंबरच्या गाडीचे आरक्षण ७ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता सुरू होते. दिवाळीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात. म्हणून प्रवाशांची नावे आणि वय आदल्या रात्रीच लिहून ठेवावे आणि आयआरसीटीसीच्या खात्याची आधार पडताळणी आधीच पूर्ण करावी.

तत्काळ तिकीट गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी मिळते : वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता, इतर वर्गांसाठी ११ वाजता. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची आहे. पक्के झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत.

तारखेचा गोंधळ ही नेहमीची चूक आहे. गाडी रात्री साडेबाराला नंदुरबारला येत असेल, तर तिथे तारीख बदललेली असते. रविवारी रात्री जेवून निघायचे असेल तर तिकीट सोमवारच्या तारखेचे हवे. आरक्षणाचे दिवस मात्र गाडी पहिल्या स्थानकावरून ज्या दिवशी निघते त्या दिवसापासून मोजतात.

प्रतीक्षा यादीतले तिकीट असताना आरक्षित डब्यात चढू नये. ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता तयार होईपर्यंत प्रतीक्षा यादीतच राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यात परत येतात. त्यानंतर गाडीत बसल्यास विनातिकीट प्रवासी म्हणून दंड होतो. खिडकीवरचे तिकीट असले तरी जागा न मिळाल्यास साध्या डब्यातूनच जावे लागते.

आणखी काही उपयुक्त नियम :

- पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धे भाडे, बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे.
- ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. मात्र ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिलांना खालचा बर्थ देण्याची सोय आहे. त्यासाठी वय बरोबर नोंदवावे.
- मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच उघडता येतो.
- ऑनलाइन तिकिटासोबत प्रवासविम्याचा पर्याय असतो. त्याला माणशी एक रुपयाही लागत नाही. वारसदाराचे नाव भरण्याचा संदेश आल्यावर ते जरूर भरावे.

स्थानकावरील चेंगराचेंगरी हा सणासुदीचा खरा धोका आहे. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, सुरत स्थानकात बिहारकडे जाणाऱ्या गाडीत चढताना झालेल्या गर्दीत एका प्रवाशाचा मृत्यू झाला. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्रे टर्मिनसवर अशाच गर्दीत अनेक जण जखमी झाले. गाडी थांबण्यापूर्वी धावत डबा पकडू नये. लहान मुलाला कडेवर घ्यावे. गर्दीच्या लोंढ्यात सामान पडले तर ते उचलायला वाकू नये. कुटुंबातील माणसे चुकली तर कुठे भेटायचे, हे आधीच ठरवावे.

## खासगी बस आणि भाड्याची गाडी

खासगी बसचे भाडे सुट्टीत एकदम वाढते. राज्य सरकारने २०१८ मध्ये यावर मर्यादा घातली आहे. त्याच अंतराच्या एसटी भाड्यापेक्षा दीडपटीहून जास्त भाडे खासगी बसला घेता येत नाही. जास्त घेतल्यास तिकीट जपून ठेवून परिवहन कार्यालयाकडे तक्रार करावी.

गाडी भाड्याने घेताना पाटी पाहावी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे प्रवासी भाड्याचा परवाना असलेले वाहन. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापरासाठी असते. ती ओळखीतून थोडी स्वस्त मिळते, पण अपघात झाला तर भाड्याने नेल्याच्या कारणावरून विम्याचा दावा अडकू शकतो. भाडे ठरवताना इंधन, टोल, चालकाचे जेवण, रात्रीचा मुक्काम आणि दुसऱ्या राज्याचा कर कोणाकडे, हे आधी बोलून घ्यावे. सीमा ओलांडायची असेल तर तिथला परवाना आहे का, हेही विचारावे.

## शेवटचा टप्पा : घाट, पिकअप आणि नाव

सातपुड्यातील प्रवासात खरा धोका शेवटच्या काही किलोमीटरमध्ये असतो. १८ ऑक्टोबर २०२५ रोजी, धनत्रयोदशीच्या दिवशी, अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांचे पिकअप वाहन चांदसैली घाटात उलटले आणि अनेकांचा जीव गेला. त्याआधी १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीला, धडगाव तालुक्यातील भुषा येथे नर्मदेत भाविकांनी भरलेली नाव बुडून मृत्यू झाले होते. दोन्ही वेळा लोक देवाच्या कामाला, घरच्या माणसांसोबत निघाले होते.

पिकअप का उलटते? पिकअप मालासाठी बनवलेले असते. धान्याची पोती हौद्यात खाली, एका जागी पडून राहतात. माणसे उभी राहतात, त्यामुळे भार उंचावर जातो. वळणावर सगळे एकाच बाजूला झुकतात आणि गाडी त्या बाजूला कलते. धरायला दांडा नसतो, पट्टा नसतो, वर छत नसते. गाडी उलटली की माणसे बाहेर फेकली जातात किंवा खाली सापडतात. शिवाय मालवाहू वाहनातून माणसे नेणे कायद्याने मना आहे. अशा प्रवाशांना विम्याची भरपाई मिळणे फार कठीण जाते. वाचलेले भाडे आणि घेतलेली जोखीम यांचा मेळ कुठेच बसत नाही.

घाट उतरताना चढताना लागतो तोच खालचा गिअर ठेवावा. सतत ब्रेक दाबून ठेवले तर ते तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे ही जिवावर बेतणारी सवय आहे. पावसाळ्यात दरडी आणि धुके, तर इतर दिवसांत अंधार, या कारणांनी घाटाचा रस्ता उजेडातच पार करावा. चालक रात्रभर जागा असेल तर सकाळी दोन तास झोपू देऊन मगच निघावे.

काळी-पिवळी जीप घ्यावीच लागली तर टपावर आणि मागच्या पायरीवर बसू नये. पाच-सहा कुटुंबांनी मिळून दोन फेऱ्या ठरवल्या तर माणशी खर्च थोडा वाढतो, पण प्रत्येकाला बसायला जागा मिळते.

नावेत बसण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट मागावे. जाकिटे कमी असतील तर माणसेही तेवढीच बसावीत. फोटोसाठी सगळ्यांनी एका काठावर येऊ नये.

‘जास्त माणसे घेऊ नका’ असे चालकाला एकट्याने सांगणे जड जाते. म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या किंवा गटातल्या कर्त्या माणसाने किती जण बसणार हे चालकाशी ठरवावे आणि भाडेही त्याच हिशेबाने द्यावे. परतीच्या वेळीही हाच नियम पाळावा. थकवा, अंधार आणि घरची ओढ यांमुळे परतताना माणसे कोणत्याही गाडीत बसायला तयार होतात.

## प्रवास सुखाचा कसा होईल?

खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. दुपारी १२ ते ४ या वेळेत उघड्यावरचा प्रवास टाळावा. पाणी, जीवनरक्षक क्षारांची पाकिटे, सुती रुमाल आणि घरून नेलेले कोरडे खाणे जवळ असावे. दशम्या, शेव, चिवडा, गूळ-शेंगदाणे टिकतात आणि पैसेही वाचवतात. घाटात मळमळ होणाऱ्यांनी पोटभर जेवून बसू नये, पुढच्या बाजूची जागा घ्यावी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी.

नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण लक्षणीय संख्येने आहेत. या आजारात शरीरातले पाणी कमी होणे, थंडी वाजणे आणि अतिश्रम यांमुळे तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. त्यामुळे अशा रुग्णांनी प्रवासात थोडे-थोडे पाणी पीत राहावे आणि तोरणमाळसारख्या ठिकाणी उबदार कपडे न्यावेत. मोठी चढण एका दमात चढू नये. नेहमीची औषधे आणि सिकलसेल कार्ड बॅगेत न ठेवता अंगावर ठेवावे. लहान मुलाला हा आजार असेल तर सोबतच्या सर्व मोठ्यांना तो माहीत असावा.

## मुक्काम, पैसे आणि फसवणूक

तीर्थक्षेत्री देवस्थानांचे भक्तनिवास स्वस्त असतात, पण सुट्टीत लवकर भरतात. आरक्षण देवस्थानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. गुगलवर दिसणाऱ्या मोबाइल क्रमांकावर आगाऊ रक्कम पाठवू नये. नकली भक्तनिवास आणि नकली हॉटेलांच्या नावाने फसवणूक होते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर तक्रार होते, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

सातपुड्याच्या आतल्या भागात मोबाइलला रेंज नसते आणि ऑनलाइन पैसे देणे अडते. इंधन शहादा किंवा तळोद्यातच भरावे. थोडी रोख रक्कम दोन-तीन जणांकडे विभागून ठेवावी आणि नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा. कोणत्या गाडीने, कोणत्या रस्त्याने जाणार आणि कधी पोहोचणार, हे घरी राहणाऱ्या एकाला तरी सांगून निघावे.

## वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री उशिराची गाडी असेल तर गावातून कधी निघावे?
शेवटच्या एसटीने. स्थानकावर दोन-तीन तास प्रतीक्षालयात बसणे, हे रात्री अनोळखी दुचाकीवर किंवा भरलेल्या जीपमध्ये येण्यापेक्षा बरे.

रेल्वे खूप उशिरा असेल तर?
गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि प्रवास करायचा नसेल, तर पूर्ण परतावा मागता येतो. ऑनलाइन तिकिटासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी तसा अर्ज भरावा लागतो.

अडचणीत कोणते क्रमांक लावावेत?
कोणत्याही आणीबाणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, रेल्वेत १३९, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. हे क्रमांक कागदावर लिहून मुलांच्या आणि वृद्धांच्या खिशात ठेवावेत, कारण मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद कामाला येतो.

ऐनवेळी फक्त पिकअपच मिळत असेल तर?
थांबावे. पुढची बस, दुसरी फेरी किंवा जवळच्या गावात एका रात्रीचा मुक्काम, यांपैकी काहीही चालेल. सुट्टीचा एक दिवस कमी झाला तरी तो पुढच्या वर्षी भरून काढता येतो.